एक कोयता म्हणजे किती माणसं?

गंगाखेड, सोनपेठ, पालम या तालुक्यांत दसरा सरला की ऊसतोडीच्या टोळ्या जमवणाऱ्या मुकादमाची वही उघडते. त्या वहीत 'दहा कोयते' असं लिहिलेलं असेल तर तिथे माणसं वीस असतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. बायको वारलेली असेल, लग्न व्हायचं असेल किंवा थोरल्यामागे धाकटा भाऊ एकटाच निघाला असेल, तर तो 'अर्धा कोयता'. टोळी दहा कोयत्यांवरून साडेनऊवर आली, तर हत्यार मोडलेलं नसतं. एक माणूस कमी झालेला असतो.

परभणी जिल्ह्यात जायकवाडीच्या डाव्या कालव्याने पाथरी, मानवत, परभणीकडचा बराच भाग भिजवला. गंगाखेड-पालमचा बालाघाटाकडचा डोंगरी पट्टा आणि जिंतूरकडचं माळरान मात्र पावसाच्या भरवशावरच राहिलं. खरिपाचं सोयाबीन निघालं, कापसाची वेचणी उरकली की हाताला काम नसतं. मग भांडीकुंडी, पत्रे, एखादी शेळी आणि लेकरं घेऊन माणसं ट्रक-ट्रॅक्टरमध्ये चढतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे जातं, कुणी सोलापूर-पुण्याकडे, कुणी सीमा ओलांडून बेळगाव-बागलकोटकडे. परतायला पाडवा उजाडतो. मागे राहिलेल्या म्हातारीला 'घरची माणसं कुठं गेली?' असं विचारलं तर ती 'कारखान्याला' म्हणते, नाहीतर 'जगायला गेलेत' म्हणते. 'हंगामी स्थलांतर' हा शब्द तिच्या तोंडी नसतो, तो अहवालातला. अहवालाच्या शब्दात नुसती ये-जा दिसते. म्हातारीच्या शब्दात कारणही आहे आणि गावावरचा आरोपही.

फडावर पोचल्यावर शब्द आणखी आखूड होतात. ऊस बैलगाडीने वाहायचा तिथलं 'गाडी सेंटर', रबरी चाकांची गाडी ती 'टायर', आणि मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढत ट्रक भरायचा तिथलं 'डोकी सेंटर'. आगाऊ घेतलेला पैसा म्हणजे 'उचल'. एक दिवस कामावर गेलं नाही तर 'खाडा', आणि खाड्याचा दंड उचलीच्या हिशेबात जमा. कोयता, गाडी, टायर, डोकी. अख्ख्या हंगामाच्या बोलीत 'माणूस' हा शब्द शोधावा लागतो.

यामागे कुणाचा मुद्दाम हिणवण्याचा हेतू असतो असं मी म्हणणार नाही. मुकादम पुष्कळदा त्याच गावचा, त्याच जातीचा, कधी भावकीतलाच असतो. तोडणारी माणसंही 'आमचे तीन कोयते हायेत' असंच सांगतात. पण शिवी वेगळी आणि हिशेबाचा शब्द वेगळा. शिवी दिली तर माणूस भांडायला उठतो. हिशेबाच्या शब्दावर भांडावं हे कुणाच्या ध्यानातच येत नाही, म्हणून तो जास्त महाग पडतो.

किती महाग, ते बघा. उचल कोयत्याला मिळते. बोलणी नवऱ्याशी होतात, सही किंवा अंगठा नवऱ्याचा, नोटा नवऱ्याच्या हातात. मजुरी टनावर ठरते. जानेवारी 2024 च्या करारात तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, तीही टनामागे. तो टन दोघांनी मिळून केलेला असतो. तो बुडख्याशी तोडतो. ती पाचट काढते, मोळी बांधते, मोळी डोक्यावर वाहते. त्याआधी अंधारात उठून भाकरी थापलेल्या असतात, पाणी भरलेलं असतं, ते कुठल्याच टनात येत नाही. हंगाम संपल्यावर तिच्या कष्टाचे किती झाले, असं विचारलं तर वही उत्तर देत नाही. एकट्या पुरुषाला निदान 'अर्धा' म्हणून स्वतंत्र नोंद आहे. ती कोयत्याच्या मुठीत गेलेली असते. 'उचल' या शब्दाचंही तसंच. आगाऊ रकमेपोटी माणसाचे श्रम बांधून घेणं ही 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने ओळखलेली वेठबिगारीची खूण आहे. तीच रक्कम 'उचल' म्हणून मांडली की ती चालत आलेली रीत ठरते, आणि फिटली नाही तर 'बाकी' बनून पुढच्या दसऱ्याची वाट बघते.

शेजारच्या बीड जिल्ह्यात या हिशेबाची परिसीमा दिसली. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऊसतोड महिलांच्या आरोग्याची पाहणी करवली. 82 हजारांहून जास्त बायकांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. कारणं अनेक होती. खासगी दवाखान्यांनी घातलेली भीती होती, लहान वयातली लग्नं आणि बाळंतपणं होती, फडावर आडोसा आणि पाणी नसणं होतं. त्यातच खाड्याचा धाक होता. पाळीच्या दिवसांत काम थांबलं की दंड, म्हणून पाळीच नको. कोयत्याला पाळी येत नाही. ज्या व्यवस्थेने बाईला कोयता म्हणून मोजलं, तिने बाईकडून कोयत्यासारखंच वागण्याची अपेक्षा केली, यात नवल काय?

माणसाला अवजाराच्या नावाने हाक मारण्याची युक्ती काही आपल्या मातीत शोधलेली नाही. इंग्लंडच्या गिरण्यांमध्ये कामगारांना सरसकट 'हँड्स', म्हणजे हात, म्हणत. चार्ल्स डिकन्सने 1854 च्या 'हार्ड टाइम्स' या कादंबरीत त्या शब्दाची यथेच्छ टर उडवली आहे. उसाशी जुळणारी गोष्ट मात्र मॉरिशसची. 1834 पासून ब्रिटिशांनी भारतातून करारावर मजूर नेले ते तिथल्या उसाच्या मळ्यांसाठी. मुंबई बंदरातून गेलेल्यांत मराठी माणसं होती. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात. पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरलेल्या प्रत्येकाला नंबर मिळे. त्या धक्क्याचं नाव होतं 'कुली घाट'. स्वतंत्र मॉरिशसने ते बदलून 'आप्रवासी घाट' केलं, आणि 2006 साली युनेस्कोने ती जागा जागतिक वारशात घेतली. ज्यांचे पणजोबा कुली म्हणून उतरले त्यांच्या हातात राज्य आलं, तेव्हा पाटी बदलली. पाटी बदलल्याने राज्य आलेलं नाही, हा क्रम ध्यानात ठेवायला हवा.

आपल्याकडे पाट्या बदलण्याची हौस मोठी. 'मजूर'चे 'कामगार' झाले, ऊसतोडीच्या महामंडळाच्या नावात 'कल्याण' आलं. पण सरकारी शब्दकोशातही कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं हे ठरलेलं असतं. 1979 चा स्थलांतरित कामगारांचा कायदा होता तो 'आंतरराज्य' कामगारांसाठी. ठेकेदाराने दुसऱ्या राज्यात नेलेल्या कामगाराला विस्थापन भत्ता, प्रवास भत्ता अशी तरतूद त्यात होती. सोनपेठचं जोडपं चारेकशे किलोमीटरवर कोल्हापूरच्या फडात गेलं, तर या कायद्याच्या लेखी ते कुठे गेलेलंच नसे. तेच जोडपं बागलकोटला गेलं तर कागदोपत्री स्थलांतरित. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या श्रम संहितेतही व्याख्या 'आंतरराज्य' हीच राहिली आहे.

जनगणनेचं उलटं. जिथे जन्मलात किंवा जिथे आधी राहत होतात, ते गाव सोडून दुसरीकडे मोजले गेलात की तुम्ही स्थलांतरित. 2011 साली देशात असे 45 कोटींहून जास्त लोक निघाले, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांनी कारण सांगितलं लग्न. म्हणजे सेलूची लेक मानवतला दिली की ती स्थलांतरित. तुमची आई, आजी, सून, सगळ्या त्यात आल्या. त्यांना कुणी 'बाहेरून आलेल्या' म्हणून भाड्याने खोली नाकारत नाही (सासू काही वेगळं म्हणत असेल तर तो इथला विषय नाही). स्थलांतर करणाऱ्यांची भीती वाटते असं म्हणणाऱ्याच्या घरातली निम्मी माणसं स्थलांतर करूनच आलेली असतात. भीती वाटते ती गरीब स्थलांतरिताची, आणि शब्द जन्माला येतात ते त्याच्यासाठी.

हा आत-बाहेरचा खेळ परभणीने फार जवळून पाहिला आहे. 1948 पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे माणसांच्या दोन जाती होत्या: 'मुलकी' आणि 'गैरमुलकी'. 1919 च्या फर्मानानुसार संस्थानात जन्मलेला, किंवा 15 वर्षं सलग राहून परत जाणार नाही असं लिहून देणारा तो मुलकी. मुलकी पुरुषाची बायकोही मुलकी. सरकारी नोकरी मुलकीलाच. या हिशेबाने वरंगळचा तेलुगू माणूस परभणीत घरचा होता, आणि पुण्याहून आलेला मराठी मास्तर परका. संस्थान गेलं, शब्द गेला नाही. 1952 साली हैदराबादेत गैरमुलकींविरुद्ध आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. 1956 मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. मग तो वरंगळवाला एका रात्रीत परप्रांतीय झाला आणि पुण्याचा मास्तर आपला. दोघांपैकी कुणीच जागचं हललं नव्हतं. 1 मे 1999 ला हिंगोली वेगळी निघाली, तेव्हा परभणीकरांचे लाखो शेजारी परजिल्ह्यातले झाले.

'परप्रांतीय' हा शब्द असा सीमेच्या रेघेवर उभा असतो. राज्यघटनेत तो नाही. घटनेच्या 19 व्या कलमाने नागरिकाला देशात कुठेही राहण्याचा, स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे. मुंबईत मात्र 1966 नंतर दक्षिणेतल्या माणसांना त्यांच्या लुंगीवरून आणि भाषेच्या उच्चारावरून नावं ठेवण्याचं राजकारण चाललं, पुढे उत्तरेकडच्यांची पाळी आली. 'भय्या' हा खरा भावाचा शब्द. आपण त्याची शिवी करून दाखवली. त्याच मुंबईत घाटावरून आलेल्या मराठी माणसाला 'घाटी' म्हणत, हे सोयीने विसरलं जातं. नांदेड-पनवेल गाडीने परभणी, गंगाखेडहून पुण्यात उतरणाऱ्या पोरांना 'मराठवाड्याची पोरं' म्हणतात, तेव्हा त्या विशेषणाचा सूर कानाला कळतो. तीच पोरं बांधकामावरच्या बिहारी गवंड्याला 'ए बिहारी' म्हणून हाक मारतात. उतरंडीत प्रत्येकाला आपल्या खाली एक मडकं लागतं.

आणि परभणीचाच मुलगा न्यू जर्सीला गेला तर? तो 'अनिवासी भारतीय'. गावात त्याचा सत्कार होतो, झेंडा सातासमुद्रापार गेल्याची बातमी छापून येते. तोही पोटासाठीच गेलेला असतो, बहुधा कर्ज काढून, एजंटाला पैसे मोजून. तिथलं कर खातं त्याला 'एलियन'च्या रकान्यात बसवतं, हे सत्काराच्या भाषणात येत नाही. अमेरिकेतही या शब्दावर दोरीखेच चालूच आहे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने 2013 च्या एप्रिलमध्ये 'बेकायदा स्थलांतरित' हे विशेषण माणसाला लावायचं बंद केलं. बेकायदा असेल तर कृती, माणूस नव्हे, असा त्यामागचा विचार. 2021 साली बायडन सरकारने 'एलियन' टाळायला सांगितलं, 2025 साली ट्रम्प सरकारने तो परत आणला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तर 1975 सालीच 'कागदपत्रं नसलेले' असा शब्द सुचवला होता.

मराठी वर्तमानपत्रांचा आवडता शब्द 'लोंढे'. परप्रांतीयांचे लोंढे. लोंढा आला की त्यात बाप, मुलगी, आजारी माणूस असं काही वेगळं दिसत नाही. नुसतं गढूळ पाणी दिसतं, आणि पाण्यासमोर माणूस बांध घालण्याचाच विचार करतो. आषाढीला परभणी-गंगाखेडवरून पालख्या पंढरीला जातात, तेव्हा गर्दीला आपण जनसागर म्हणतो. पाणी तेच. 2020 च्या टाळेबंदीत रस्त्याने चालत निघालेल्यांना मात्र सागर म्हणायचं कुणाला सुचलं नाही. 8 मे 2020 च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडच्या शिवारात मालगाडीखाली 16 मजूर मेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारी ही मध्य प्रदेशातली माणसं रुळाने चालत निघाली होती आणि थकून रुळांवरच झोपली होती. परभणीहून मनमाडला जाणारी गाडी याच रुळांवरून जाते. त्या दिवशी लोक विचारत होते, 'रुळावर कशाला झोपले?' कारखान्यात ज्यांनी लोखंड वितळवलं, त्यांना रेल्वे म्हणजे काय ते माहीत नव्हतं, असा या प्रश्नाचा अर्थ होतो. ते परप्रांतीय मजूर नसते, आपल्या कॉलनीतले चौघे असते, तर आधी विचारलं असतं की चालत का निघाले.

त्याच उन्हाळ्यात दुसरीही गंमत झाली, जिला गंमत म्हणणं क्रूर आहे. ऊसतोड कामगार आणि पुण्या-मुंबईची पोरं गावाकडे परतू लागली, तेव्हा मराठवाड्यातल्या कित्येक गावांनी रस्त्यावर काट्या टाकल्या. आपल्याच लेकरांना आपल्याच गावाने 'बाहेरून आलेले' म्हटलं. शहरात मराठवाड्याचे आणि गावात पुण्याचे. कोण कुठला, हा वाद त्याच वर्षाच्या सुरुवातीलाही पेटला होता. ज्या पाथरीत साईबाबांचा जन्म झाला असं सांगतात, तिच्या विकासासाठी जानेवारी 2020 मध्ये 100 कोटी जाहीर झाले आणि शिर्डीने त्याविरुद्ध बंद पाळला. आपण कुठले हे त्या फकिराने आयुष्यभर धड सांगितलं नाही. त्याला राहू देणाऱ्या शिर्डीचं त्यावाचून काही अडलं नव्हतं.

मग योग्य शब्द कोणता? इथे गंगाखेडच्याच एका बाईची आठवण काढावी लागते. जनाबाई गोदाकाठची, परंपरा सांगते की लहानपणीच वडिलांनी तिला पंढरपूरला दामाशेटींच्या घरी ठेवलं. दळणकांडण, झाडलोट, गोवऱ्या. आजच्या फाइलच्या भाषेत तिला आंतरजिल्हा स्थलांतरित बाल घरकामगार म्हणावं लागेल. तिने स्वतःला 'दासी' म्हटलं, आणि सात शतकं झाली तरी त्या शब्दाने ती लहान झालेली नाही. 1980 साली लक्ष्मण माने यांनी आपल्या आत्मकथनाला 'उपरा' हे नाव दिलं, तेव्हाही तेच घडलं. भटक्या कैकाडी माणसाला गावोगाव ऐकावा लागलेला शब्द त्यांनी मुखपृष्ठावर छापला आणि गावालाच वाचायला लावला. 'मग तोडणारेसुद्धा स्वतःला कोयताच म्हणतात की' असा युक्तिवाद कुणी करेल. फरक असा की जनाबाईने आणि मान्यांनी शब्द स्वतः निवडला. तोडणारा माणूस मुकादमाची वही वाचून दाखवत असतो.

म्हणून मला नव्या गोंडस शब्दांची फारशी ओढ नाही. कोयत्याला 'तोडणी युगुल' म्हटलं तरी पैसे नवऱ्याच्याच हातात जातील. माणसाची प्रतिष्ठा नोंदीत दिसायला हवी: नाव, वय, मजुरी, खातं. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये घ्यायचं ठरलं आहे. मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं मंजूर झाली, त्यांत परभणी जिल्हाही आहे. 2021 पासून ग्रामसेवकाने घरोघर जाऊन ऊसतोड कामगारांना ओळखपत्रं द्यायची आहेत. या ओळखपत्राला जोडपं चालत नाही, ते एकेका माणसाचं असतं. मुकादमाच्या वहीला शह देणारं पहिलं कागदपत्र म्हणून त्याकडे बघायला हवं.

पुढची जनगणना 1 मार्च 2027 हा संदर्भदिन धरून जाहीर झाली आहे. मोजणी फेब्रुवारीत होईल, म्हणजे गाळप ऐन भरात असताना. परभणीची हजारो माणसं तेव्हा दुसऱ्याच्या शिवारात कोप्यांमध्ये, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांमध्ये असतील. सांगली-कोल्हापूरकडच्या प्रगणकांनी मुकादमाला 'किती कोयते?' असं विचारून भागवू नये. कोपीत जावं, लेकरांसकट एकेकाचं नाव विचारून लिहावं. आणि परभणीच्या खेड्यांत ग्रामसेवक सर्वेक्षणाला आला, की घरातल्या बाईचं ओळखपत्र वेगळं मागा आणि तिच्याच बँक खात्याचा नंबर नोंदवून घ्या.